कान ऐकतो कसा? – आवाजाच्या कोऱ्या चिठ्ठ्या



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, खोडवा, हुमणी अशाच विषयांवर लिहितो. या वेळी विषय उसाचा नाही, कानाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने कानावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याला कारण घडले, ते आधी सांगतो.

गेल्या हंगामाच्या आधी एका गावी ऊस नोंदी पडताळण्याची बैठक होती. पंचाहत्तरी ओलांडलेले एक जुने सभासद पुढच्याच बाकावर बसले होते. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. मी यादी वाचत होतो. "आबा, तुमची नोंद साठ गुंठे. बरोबर ना?" आबा ताडकन उठले. "आठ गुंठे? दीड एकर ऊस उभा हाय माझा, साहेब! आठ गुंठे कोणी लिवलं?" मी पुन्हा 'साठ' म्हणालो, त्यांनी पुन्हा 'आठ'च ऐकले. शेवटी मी ओरडून सांगितले, तर म्हणाले, "वरडू नका. मला आवाज येतोय, बहिरा नाही मी." बैठकीत हशा पिकला. आबा काठी घेऊन निघून गेले. त्यानंतर दोन बैठकांना ते आलेच नाहीत.

मला ते लागून राहिले. त्यांच्या नातवाला बरोबर घेऊन आम्ही आबांना तालुक्याच्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेले. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आबा खरे तेच सांगत होते. त्यांना 'आ' ऐकू येतो, 'ठ' कसाबसा येतो, 'स' मात्र अजिबात येत नाही. तुम्ही 'साठ' म्हणालात, त्यांच्या मेंदूकडे 'आठ' पोचले." रिकामा वेळ होता म्हणून डॉक्टरांनी माझेही कान तपासले. माझे वय सेहेचाळीस. कागदावरची रेघ चार हजारांच्या आकड्यापाशी दोन्ही कानांत खाली घसरलेली निघाली. "कधी ट्रॅक्टर चालवला होता का?" त्यांनी विचारले. डिप्लोमा झाल्यावर चार वर्षे मी भाड्याचा ट्रॅक्टर चालवला होता. मी सांगण्याआधीच त्यांना ते त्या रेघेवरून समजले होते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास केला. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

आवाज आत जातो कसा

कारखान्याचा भोंगा वाजला की हवा थरथरते. सेकंदाला किती वेळा थरथरते त्या आकड्याला हर्ट्झ म्हणतात. आकडा लहान असेल तर आवाज जाड, मोठा असेल तर बारीक. धडधाकट तरुण माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकतो.

ही कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्याच्या मागे तीन बारीक हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांना हातोडा, ऐरण आणि रिकीब म्हणतात. रिकीब हे तर आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड आहे, जेमतेम तीन मिलिमीटरचे. आतल्या कानात पाणी भरलेले असते, आणि हवेतला आवाज पाण्यावर आपटला की बहुतेक सगळा परत फिरतो. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या माणसाचे बोलणे समजत नाही, ते यामुळेच. म्हणून मोठ्या पडद्यावरचा जोर ही हाडे रिकिबीच्या छोट्या तळव्यावर एकवटतात. त्यामुळे दाब सुमारे वीस पट वाढतो आणि आवाज पाण्यात शिरतो.

शंखातील गटवारी

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात, आपण शंख म्हणू. हा शंख उलगडला तर लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. त्यातून एक पट्टी टोकापर्यंत गेलेली आहे. दाराजवळ ती अरुंद आणि ताठ आहे, टोकाकडे रुंद आणि सैल होत जाते. रिकिबीने धक्का दिला की पट्टीवरून लाट धावते. बारीक आवाजाची लाट दाराजवळच उंच उठते आणि विरते. जाड आवाजाची लाट शेवटच्या टोकापर्यंत जाते. म्हणजे प्रत्येक सुराची पट्टीवर आपापली जागा ठरलेली आहे.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच तर्क केला होता की आतल्या कानात सुरांची जागावार वाटणी होत असावी. लाट प्रत्यक्ष पाहिली ती हंगेरीच्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी. बुडापेस्टमध्ये टेलिफोनच्या कामावर असताना त्यांनी मृत माणसांच्या कानांतील शंख उघडून भिंगाखाली ही लाट बघितली. त्यासाठी त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या अभ्यासात दिसले की जिवंत कानात ही जागा बेकेशींना दिसली त्याहून कितीतरी काटेकोर असते. ती काटेकोर कशामुळे होते, ते पुढे येईलच.

केसपेशी आणि पोटॅश

या पट्टीवर केसपेशींच्या ओळी आहेत. आतली एक ओळ, तीत सुमारे साडेतीन हजार पेशी. बाहेरच्या तीन ओळी, त्यांत सुमारे बारा हजार. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिबारीक केसांचा झुबका असतो. पट्टी हलली की झुबका एका बाजूला झुकतो. केसांच्या टोकांना जोडणारे धागे ताणले जातात आणि पेशीची दारे उघडतात. त्या दारांतून आत शिरते ते पोटॅशियम. आपण उसाला पोटॅश देतो, त्यातलेच हे मूलद्रव्य. ते आत आले की पेशीतील विजेचा दाब बदलतो आणि पेशी आपल्या तळाशी एक रसायन सोडते. ते रसायन मज्जातंतूला लागते आणि मज्जातंतूतून विजेचा एक ठोका मेंदूकडे धावतो.

आतली ओळ मुख्यतः निरोप पाठवते. मेंदूकडे जाणाऱ्या सुमारे तीस हजार तंतूंपैकी पंच्याण्णव टक्के याच ओळीला जोडलेले आहेत. बाहेरच्या ओळींचे काम वेगळे आहे. आवाजाबरोबर त्या पेशी स्वतः लांब-आखूड होतात, आणि त्यांच्या जोराने पट्टीवरची बारीक लाट मोठी होते व आपल्या जागी नेमकी उठते. यामुळेच धडधाकट कान स्वतःही अगदी हलका आवाज बाहेर सोडतो. लंडनचे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली हे दाखवून दिले. नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून दोन-चार मिनिटांत तपासणी करतात, ती याच आधारावर.

चिठ्ठी कोरी असते

आता मुख्य गोष्ट सांगतो. मेंदूकडे आवाज जातच नाही, जातात ते फक्त विजेचे ठोके. भोंगा असो, बैलाच्या गळ्यातली घुंगरे असोत की नातवाची हाक असो, ठोका एकसारखाच असतो. मोठ्या आवाजाचा ठोका मोठा, असे होत नाही. मग मेंदूला कळते कसे?

समजा आपले चिटबॉय वजनकाट्यावर कोऱ्या चिठ्ठ्या पाठवू लागले. चिठ्ठीवर नाव नाही, गट नंबर नाही, काही नाही. तरीसुद्धा काट्यावरच्या कारकुनाला तीन गोष्टी कळू शकतील.

पहिली, चिठ्ठी कोणत्या खिडकीतून आली. प्रत्येक गटाची खिडकी वेगळी असेल, तर कोरी चिठ्ठीही गट सांगते. कानाचे असेच आहे. पट्टीवरच्या प्रत्येक जागेचे तंतू ओळ न मोडता थेट मेंदूपर्यंत जातात. दाराजवळच्या तंतूवर ठोका आला की मेंदू समजतो, आवाज बारीक. टोकाकडच्या तंतूवर आला की जाड.

दुसरी, तासाला किती चिठ्ठ्या आल्या. इंग्लंडच्या एडगर एड्रियन यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवले की मज्जातंतूतील ठोका लहान-मोठा होत नाही, संवेदना वाढली की ठोक्यांची संख्या वाढते. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कानातील एक तंतू सेकंदाला फार तर काही शे ठोके देऊ शकतो, पुढे तो थकतो. मग कुजबुजीपासून भोंग्यापर्यंतचा मोठा पल्ला कसा पार पडतो? त्यासाठी एकेका केसपेशीला दहा-वीस तंतू असतात. काही तंतू हलक्या आवाजालाच जागे होतात, काही आवाज चांगला मोठा झाल्यावरच बोलू लागतात. हे उशिरा जागे होणारे तंतू लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

तिसरी, चिठ्ठ्या कोणत्या वेळी आल्या. याला वेगळे सांगावे लागेल.

एका उखळात तीन मुसळे

गिरण्या नव्हत्या तेव्हा आपल्या आई-आज्या एकाच उखळात दोघी-तिघी मिळून कांडायच्या. प्रत्येकीचे मुसळ आपल्या वेगाने पडे, पण ठेका एक असल्याने उखळात घाव तिप्पट वेगाने बसत. एकीचा घाव चुकला तरी दुसरीचा ठेक्यावरच पडे.

कानातील तंतू असेच काम करतात. सेकंदाला हजार कंपनांचा आवाज असेल, तर एका तंतूला प्रत्येक कंपनाला ठोका देणे झेपत नाही. तो काही कंपने सोडून देतो, पण जेव्हा देतो तेव्हा कंपनाच्या ठरावीक क्षणीच देतो. शेजारचे तंतू सुटलेली कंपने भरून काढतात. सगळ्यांचे ठोके एकत्र केले की हजाराचा ठेका मिळतो. ही आळीपाळीची कल्पना अमेरिकेतील वीव्हर आणि ब्रे या दोघांनी मांडली. १९३० साली त्यांनी मांजराच्या श्रवणतंतूला तार जोडली. एकजण मांजराच्या कानाशी बोले आणि दुसरा लांबच्या खोलीत टेलिफोनवर ते बोलणे ऐके. पुढे समजले की त्या तारेतील बरीचशी वीज तंतूंची नसून केसपेशींची होती. पण आळीपाळीची गोष्ट नंतरच्या प्रयोगांत खरी ठरली. प्राण्यांमध्ये हा ठेका चार-पाच हजार कंपनांपर्यंत धरला जातो. त्यापुढे मुख्य भिस्त जागेवर.

या वेळेच्या हिशेबाचा उपयोग दिशा ओळखायला होतो. उजवीकडून हाक आली तर ती उजव्या कानात आधी पोचते. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरी समोरच्या आवाजाच्या बाबतीत माणसाला सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाचा फरक जाणवतो. आपल्या फडातले उंदीर मारणारे गव्हाणी घुबड यात आपल्यापेक्षा तरबेज आहे. संपूर्ण अंधारात, नुसत्या खुडबुडीवरून ते उंदीर धरते. कॅलिफोर्नियातील मासाकाझू कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जातीच्या घुबडावर अनेक वर्षे अभ्यास केला. दोन कानांकडून आलेल्या ठोक्यांच्या वेळा घुबडाच्या मेंदूत कशा जुळवल्या जातात, ते त्यांनी दाखवले. तेव्हा घुबडाला अपशकुनी म्हणून मारू नका, ते आपले बिनपगारी राखणदार आहे.

आबांच्या कानात काय झाले

आता आबांकडे येऊ. 'आ' या स्वराचा बहुतेक जोर दीड हजार कंपनांच्या आत असतो. 'स'चा जोर मात्र चार हजार आणि त्याच्या वर. म्हणजे 'स'ची खिडकी शंखाच्या दाराजवळ. वय झाले किंवा गोंगाट सोसला, की पहिला मार दाराकडच्या पेशींना बसतो. गोंगाटाचा घाव तर बहुधा चार हजारांच्या आसपास दिसतो, माझ्या रेघेत दिसला तसा. त्या खिडक्यांतून चिठ्ठ्याच येत नाहीत. मी ओरडलो तेव्हा 'आ' आणखी मोठा झाला, 'स'ची खिडकी बंद ती बंदच राहिली. आवाज येत होता, शब्द कळत नव्हता. आबा खरेच बोलत होते, हसलो ते आपण चुकलो.

याहून फसवा प्रकार आणखी आहे. २००९ साली बॉस्टन येथील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणशक्ती तपासणीत पूर्ववत दिसली, केसपेशीही शाबूत होत्या. पण केसपेशी आणि तंतू यांचे सांधे बारीक पाहिले, तर बारीक आवाजाच्या भागात जवळजवळ निम्मे तुटलेले निघाले. प्राण्यांवरील काही प्रयोगांत दिसले की आधी तुटतात ते उशिरा जागे होणारे तंतू. गलक्यात माणसाचे बोलणे निवडायला बहुधा तेच उपयोगी पडतात. मिरवणुकीनंतर कान दडे बसतात आणि सकाळी मोकळे होतात, तेव्हा आपण म्हणतो, 'बरे झाले.' पण कान मोकळा झाला म्हणजे सगळे भरून आले, असे समजू नये.

या पिकाला खोडवा नाही

ऊस तोडला तरी बुडख्यातून फुटवे येतात, आपण खोडवा घेतो. पक्ष्यांच्या कानातही तसे होते. कोंबडीच्या पिलांच्या केसपेशी गोंगाटाने मेल्या तर नव्या उगवतात, हे १९८८ च्या सुमारास सिद्ध झाले. माणसाच्या शंखात मात्र एकदा मेलेली केसपेशी पुन्हा येत नाही. जन्मताना जी लागण मिळाली, तीच मरेपर्यंत पुरवायची. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजा. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. केबिन नसलेला ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि कारखान्यातील मिल व टर्बाइनची जागा यांच्याजवळ सांभाळून राहावे.

२. कापसाचा बोळा उपयोगी नाही. औषधाच्या दुकानात फोमची बुचे मिळतात. बूच पिळून बारीक करावे, कान वर ओढून आत सरकवावे आणि फुगेपर्यंत बोटाने धरावे. मोठा आवाज असेल तेथे कानावरचे कवच त्याहून सोयीचे. कानात तेल किंवा रस घालू नये.

३. लग्नात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे लहान मुलांना उभे करू नये.

४. बाळ आवाजाला दचकत नसेल, वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, तर 'बोलेल पुढे' म्हणून थांबू नये. केसपेशी निकामी असल्या तरी तंतू शाबूत असतील, तर शंखात विजेच्या तारा बसवून थेट तंतूंना ठोके देता येतात. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी याची सुरुवात केली. १९७८ साली मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी अनेक तारांचे यंत्र माणसाला बसवले. आजच्या यंत्रांत साधारण बारा ते बावीस तारा असतात. साडेतीन हजार पेशींच्या जागी बावीस, तरी त्यावर मूल बोलायला शिकते. मात्र हे लहान वयात व्हावे लागते, कारण मेंदूने चिठ्ठ्या वाचायला शिकण्याचे तेच वय. केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून त्यासाठी साहाय्य मिळते. मुंबईत बांद्रा येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामात आहे. तेथे चौकशी करावी.

५. वडीलधाऱ्यांशी ओरडून नव्हे, समोर तोंड करून सावकाश बोलावे. रेडिओ, टीव्ही आधी बंद करावा. शब्द कळला नाही तर तोच शब्द पुन्हा पुन्हा न सांगता दुसऱ्या शब्दांत सांगावे. श्रवणयंत्राची लाज बाळगू नये. चष्म्याची आपण बाळगतो का?

आबांनी आता यंत्र लावले आहे. पहिले पंधरा दिवस म्हणाले, "नुसती भांडी आपटल्यागत वाजतंय." आता सवय झाली. यंत्राने मेलेल्या पेशी परत आल्या नाहीत, पण उरलेल्यांना हात मिळाला. मागच्या बैठकीला ते आले आणि पुढच्याच बाकावर बसले. मी यादी वाचताना म्हणालो, "आबा, दीड एकर, म्हणजे सहा दाहे गुंठे." आबा म्हणाले, "आता कसं बोललात!"

आमच्या गट कार्यालयांतील सर्वांना तशी सूचना दिली आहे. नोंदीचा आकडा तोंडी सांगताना एकर आणि गुंठे दोन्ही सांगावेत, आणि चिठ्ठीवर लिहून सभासदाच्या हातात द्यावेत. सभासदांनीही आकडा परत म्हणून दाखवावा, त्यात कमीपणा नाही. बैठकीत कोणी चुकीचे ऐकले तर हसू नये. आज ना उद्या प्रत्येकाच्या एक-दोन खिडक्या बंद होणारच आहेत.

कळावे,

आपला
ऊस विकास अधिकारी